मुहूर्तावर बसलेला मॉनिटर

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, संगणकाच्या पडद्यावरचे चित्र हलते अशी तक्रार करणारा इसम वेडा, कामचुकार, प्यालेला किंवा बाहेरची बाधा झालेला असतोच असे नाही. सदर सूचना प्रसिद्ध होण्यास काही वर्षांचा विलंब झाला, त्याबद्दल खाते दिलगीर आहे. खाते म्हणजे मी, माझी स्कूटर आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळून बांधलेला माझा स्वतःचा पंधरा इंची मॉनिटर.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी सुरतेत मॉनिटर दुरुस्त करत असे. गोडादऱ्यात राहायचो आणि सगळ्या शहरात फिरायचो. आधी टीव्ही उघडायचो. मग साड्यांच्या डिझायनी संगणकावर व्हायला लागल्या, तेव्हा टीव्हीवाल्याला बढती मिळाली. लोक मला 'डॉक्टर' म्हणत. मी कधी नको म्हटलं नाही.

आजच्या मुलांना मॉनिटर म्हणजे भिंतीवर टांगायची पाटी वाटते. आमचे मॉनिटर काचेचे होते, मागे भलं मोठं पोट असलेले. उचलले की कमरेला कळायचं. ते कसे चालतात हे सुरतेत समजावणं सोपं होतं, कारण इथे प्रत्येकाने लूम, म्हणजे यंत्रमाग, पाहिलेला असतो. मी सांगायचो, मागच्या नळीतून एक किरण निघतो. तो धोट्यासारखा डावीकडून उजवीकडे धावतो आणि काचेवर उजेडाची एक ओळ टाकतो. मग रिकाम्या हाताने परत येतो आणि खालची ओळ टाकतो. असं वरपासून खालपर्यंत अख्खं कापड विणायचं, आणि हे सेकंदाला साठ वेळा. एका कापडात तार किती, ते झालं रिझोल्यूशन. सेकंदाला कापडं किती, तो झाला रिफ्रेश रेट. एवढं कळलं की माझा निम्मा धंदा तुम्हाला कळला. उरलेला निम्मा धंदा म्हणजे माणसं.

उदाहरणार्थ ठाकोरकाका. कापड मार्केटात यांचं दुकान. एका सकाळी त्यांचा निरोप आला की, तुम्ही दिलेला मॉनिटर आक्रसला, बदलून द्या. मी गेलो तर काका पडद्याला मापाची टेप लावून बसलेले. टेप म्हणत होती की मॉनिटर होता तेवढाच आहे. काका म्हणत होते की मग अक्षरं का आखडली? जन्मभर कापड विकलेल्या माणसाला धुतल्यावर आखडतं हे माहीत. त्यांनी नोकराला विचारूनही झालं होतं की याच्यावर पाणी कुणी मारलं. प्रत्यक्षात त्यांच्या भाच्याने रिझोल्यूशन वाढवून ठेवलं होतं. मी म्हटलं, काका, पन्हा तोच आहे, तार जास्त घातल्यात, म्हणून नक्षीतली बुट्टी बारीक दिसते. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी जवळ बोलावून हळूच सांगितलं की, मग चार तार काढून टाक. मी काढून टाकल्या. त्यांनी पुन्हा टेप लावून खात्री करून घेतली.

दुसरा प्रकार शिट्टीचा. कार्ड म्हणजे संगणकातला तो भाग जो मॉनिटरला हुकूम देतो. त्याला हौसेने कुणी झेपणार नाही एवढा वेग भरायला सांगितला की बिचारा मॉनिटर कुकरसारखी बारीक शिट्टी मारायचा आणि पडदा काळा ठिक्कर. संगणक तसा समजूतदार होता. तो विचारायचा, हे असंच ठेवू का, आणि उत्तर आलं नाही तर थोड्या वेळाने स्वतःच मागे यायचा. पण काळ्या पडद्यावर विचारलेला प्रश्न दिसणार कुणाला? माणसं घाबरून हाताला येतील त्या कळा बडवायची, त्यातली एखादी 'हो' निघायची, आणि मग कायमचा अंधार. अशा वेळी माझी खरी एंट्री असे. कुठली कळ कितव्यांदा दाबली की संगणक साध्या रूपात जागा होतो, हे मला पाठ होतं. मी मुद्दाम डोळे मिटून, हनुवटी वर करून, पेटी वाजवावी तशा कळा दाबायचो. चित्र परत आलं की मागे कुणीतरी हात जोडलेला असायचा. डोळे मिटायची गरज नव्हती, हे इथे पहिल्यांदाच सांगतो आहे.

पण ज्या कामावर मी आजही मिशीला पीळ देतो, ते बमरोलीचं.

बमरोलीत जयंतीशेठचा जेकार्ड लूमचा, म्हणजे नक्षीदार कापड विणणाऱ्या मागांचा, कारखाना होता. खाली लूम, बाजूला एक ऑफिसची खोली, वर शेठचं घर. घरावर आणि कारखान्यावर राज्य शेठच्या आईचं. त्यांना सगळे मोटी बा म्हणत. शेठ आठवडाभर मार्केटातल्या दुकानावर असत आणि कारखान्यात फक्त सुटीच्या दिवशी यायचे, लूम बंद असताना. त्यांचं म्हणणं, आवाजात हिशेब सुचत नाही.

त्या खोलीत हिलालआप्पा बसायचे. अमळनेरकडचे, डिंडोलीत घर. साडीवरची नक्षी चौकटीच्या कागदावर रंगवायची, हे त्यांचं काम. एक चौकट म्हणजे एक धागा वर की खाली. एक चौकट चुकली तर ती चूक प्रत्येक साडीवर, प्रत्येक फुलात विणली जाते. वीस वर्षं त्यांनी हे ब्रशने केलं होतं. त्याआधी लूम चालवला होता. शेठने संगणक आणला तेव्हा आप्पांनी तोही शिकून घेतला, कुरकुर न करता.

आणि मग त्यांचं डोकं दुखायला लागलं. दुपारपर्यंत मळमळायचं. चौकटीवर नेम बसेना, काम मागे पडू लागलं. आप्पा म्हणाले, चित्र हलतं. शेठ सुटीच्या दिवशी आले, पाहिलं, चित्र गप्प उभं. संगणक विकणाऱ्याचा इंजिनिअरही सुटीच्याच दिवशी बोलावला. त्यानेही पाहिलं आणि मशीन उत्तम आहे म्हणून सांगितलं. दोन वेळा असं झाल्यावर शेठने मनात धरलं की आप्पांना हे नवं काम नको आहे, किंवा वयाने डोळे गेलेत. संगणक क्लासमधून निघालेला एक पोरगा त्यांनी हेरूनही ठेवला. आप्पांना परत लूमवर उभं करायचं. एवढं ठरलं होतं. केवळ शंका राहू नये म्हणून शेवटचा इलाज म्हणून मला पाठवलं. आणि अर्थात, सुटीच्या दिवशी.

मी माझी पेटी उघडली, मॉनिटर तपासला, माझा मॉनिटर लावून पाहिला. दोन्ही पडद्यांवर चित्र दगडात कोरल्यासारखं. काचेवर फक्त बोटांचे डाग होते, तेही मी पुसून दिले. दोष नाही असं सांगून निघालो, तर फाटकाशी आप्पा उभे. सुटी असून आले होते. मला चहाच्या हातगाडीवर घेऊन गेले. कपात बघत म्हणाले,

"भाऊ, खरं सांग. मना डोया गयात का?"

डोळे गेल्याची शंका घरी अजून सांगितली नाही, असंही म्हणाले. रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरचे लहान आकडे वाचून बघायचे. ते वाचता यायचे. मग कारखान्यात आलं की पुन्हा सगळं थरथरायचं. मी विचारलं, पडद्यावर एवढी बोटं कशाने उमटतात? ते म्हणाले, फूल हलतं ना, म्हणून डाव्या अंगठ्याने ते काचेवर दाबून धरतो आणि उजव्या हाताने चौकट भरतो.

माणूस लबाडी करत असेल तर एवढी कल्पनाशक्ती लागत नाही. मी म्हटलं, आप्पा, उद्या येतो. लूम चालू असताना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरलो तर बोललेलं ऐकू येईना. शेजारी लूम धडधडत होते. आप्पा खुर्चीवरून उठले.

"बस आठे. आते दख."

मी बसलो. पडद्यावर साडीचा काठ होता, छोट्या छोट्या फुलांचा. आणि ती सगळी फुलं, देवाशपथ, पाण्यात पडलेल्या सावलीसारखी डुलत होती. लांबून पाहणाऱ्याला जेमतेम जाणवेल, पण एका चौकटीवर नेम धरायला गेलं की चौकट नाहीच तिथे. थोड्याच वेळात मला दिवाळीत जास्त फराळ झाल्यासारखं वाटू लागलं. त्या खुर्चीत आप्पा तीन-साडेतीन महिने बसत होते.

पहिला संशय लूमच्या हादऱ्यावर. मी मॉनिटर चालू ठेवूनच दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. नाच चालूच. म्हणजे हादरा नाही. मग वायर पुरेल तेवढा खोलीच्या मधोमध आलो. नाच कमी. आणखी दोन पावलं, आणखी कमी. परत भिंतीकडे गेलो की पुन्हा धुमाकूळ. त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे, मी ओरडून विचारलं. आप्पा ओरडून म्हणाले, मेन पॅनल. सगळ्या लूमची वीज तिथूनच जात होती. जाड तारांतून एवढी वीज वाहू लागली की आजूबाजूला चुंबकाचं वारं सुटतं, आणि आपला किरणाचा धोटा चुंबकाला भलताच भोळा. सुटीच्या दिवशी लूम बंद, वीज नाही, वारं नाही, आणि म्हणून इंजिनिअरचं सर्टिफिकेट चोख.

पोटाशी मॉनिटर धरून मी विजयी मुद्रेने वळलो, तर दारात मोटी बा. हातात दिवा लावायची वात. त्यांनी आधी मला पाहिलं, मग मॉनिटर, मग रिकामं टेबल.

"मुहूर्तमां बेसाड्युं छे. मूकी दे पाछुं."

संगणक लाभपाचमीला आला होता. सुरतेत त्या दिवशी धंद्याचं नवं वर्ष उघडतं, दुकानं उघडतात, शुभ काम सुरू होतं. बांनी स्वतः दिशा पाहून जागा ठरवली होती, टेबलावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला होता, नारळ फोडला होता. तिथे बसवलेली वस्तू पुढच्या लाभपाचमीपर्यंत हलणार नाही. हे त्यांनी मला ओरडून नाही, अगदी शांतपणे सांगितलं, आणि शांतपणे सांगितलेल्या गोष्टीपुढे माझं कधीच चालत नाही. मी मॉनिटर साथियावर ठेवला. तो लगेच नाचू लागला.

पॅनल हलवायचं तर सगळे लूम बंद ठेवावे लागले असते. शेठने ते ऐकूनही घेतलं नसतं. मध्ये लोखंडी पत्रा उभा करून पाहिला, काही फरक नाही. वारं थांबवता येत नाही आणि घर हलवता येत नाही. उरला फक्त नाच.

आता जरा लक्ष द्या, कारण इथे माझं कौतुक सुरू होतं. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा धडधडते. मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र टाकत होता. शेजारी शेजारी दोन लूम वेगळ्या वेगाने चालले की त्यांचे ठोके कधी एकत्र येतात, कधी फाकतात, तसं यांचं चाललं होतं. प्रत्येक चित्र वेगळ्या जागी वाकायचं, म्हणून डुलायचं. मग मॉनिटरनेही पन्नासचाच ठेका धरला तर? प्रत्येक चित्र वाकेल, पण त्याच जागी, तेवढंच वाकेल. वाकलेलं का होईना, उभं राहील.

संगणकाच्या यादीत साठ होते, सत्तर होते, पंचाहत्तर होते. पन्नास नव्हते. कोण मागणार पन्नास? सगळी दुनिया वेग वाढवायच्या मागे होती. पण कार्डाला हवे ते आकडे हाताने भरता येतील असा एक छोटा प्रोग्राम माझ्याजवळ फ्लॉपीवर होता. धोका एवढाच की मॉनिटरच्या पुस्तिकेत सर्वांत खालची हद्द पन्नासची होती, आणि आमची वीज कधीच पुरती पन्नास नसायची, थोडी खालीच घुटमळायची. हद्दीच्या खाली गेलं की चित्र गिरणीच्या पट्ट्यासारखं फिरू लागतं. शेठचा मॉनिटर बिघडला असता तर आप्पांबरोबर मीही लूमवर उभा राहिलो असतो. म्हणून मी माझाच मॉनिटर साडीतून सोडवला आणि मुहूर्ताच्या जागेवर ठेवला. बांनी विचारलं, हे चालतं का? मी म्हटलं, बा, हा पाहुणा आहे. पाहुण्याला मुहूर्त लागत नाही. त्या पहिल्यांदा हसल्या.

पन्नास भरले. नाच मंदावला, पण फुलं हळूहळू तरंगत राहिली, गाभण म्हशी चालाव्यात तशी. मी पॉइंटाच्या पुढचे आकडे केसाकेसाने कमी करू लागलो. मी आकड्यांकडे बघत होतो, आप्पा फुलांकडे. ते हाताने सांगायचे, अजून, अजून, जास्त झालं, मागे. मग त्यांचा हात हवेतच थांबला.

"थांबनं," ते म्हणाले.

मी पाहिलं. काठ किंचित तिरका होता, पण उभा होता. आप्पांनी डोळ्यांवरून हात फिरवला. मग मी माझा उतरवून कारखान्याचा मॉनिटर लावला. तोही टिकला.

प्रामाणिकपणे सांगायचं तर पन्नासला पडदा मिणमिणतो, जुन्या ट्यूबलाइटसारखा. त्यावर उपाय म्हणून पडद्यावर नक्षीमागची पांढरी जमीन काढून गडद केली, आणि खोलीतली ट्यूब काढून साधा दिवा लावला. दुपारनंतर वीज जराशी सरकली की फुलं पुन्हा तरंगायची. त्यासाठी दोन कळा ठरवून दिल्या, एक केसभर वर, एक केसभर खाली. आप्पा त्या दोन कळांवर असे बसले की लूम चालू झाले की बंद झाले, ते पडदा बघून सांगू लागले. पुढच्या लाभपाचमीला बांनी रीतसर मुहूर्त काढून संगणक पलीकडच्या खोलीत नेला आणि या सगळ्याची गरज संपली. आता तर काचेची ती पोटंच संपली. सपाट पडद्यापुढे चुंबक नाचवला तरी तो ढिम्म हलत नाही. माझी विद्या आता दिवाळी अंकात छापण्यापुरती उरली आहे. वाईट वाटतं, नाही कसं वाटणार?

पण त्या दिवशी काम संपलं नव्हतं. पडदा दुरुस्त झाला होता, शेठ अजून नव्हते झाले. नुसतं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, आधीपासून ठीकच होतं. क्लासचा पोरगा दोन दिवसांनी कामावर येणार होता. मी बांना खुर्चीत बसवलं आणि आधीचं साठचं चित्र लावून दाखवलं. बांनी थोडा वेळ तो नाच पाहिला आणि म्हणाल्या, "मने एम के कोम्प्युटर आवुंज होय." म्हणजे त्यांना वाटलं होतं, संगणक असाच असतो. मग त्यांनी मुलाला फोन लावला. सुटीची वाट बघायची नाही, आत्ता निघ. शेठ तासाभरात मार्केटातून हजर. मी आयुष्यात अनेक मशीन चालू केली, पण इतकं झटपट चालू होणारं दुसरं पाहिलं नाही.

शेठ आले तेव्हा लूम जोरात चालू होते. मी त्यांना अदबीने आप्पांच्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर अजून साठचाच नाच होता आणि मी मुद्दाम एक काठ उघडला होता. आप्पांनी त्या साडेतीन महिन्यांत काढलेला. त्याची साडी लग्नसराईत शेठच्या दुकानातून सर्वांत जास्त उठली होती आणि पलीकडे निम्म्या लूमवर अजून तीच चालू होती. मी विनंती केली की, शेठ, या फुलाच्या मधोमध एक लाल चौकट भरा, बाकी काही नको.

शेठने माउस धरला. चौकट पाकळीत पडली. शेठने पुसली आणि पुन्हा नेम धरला. या खेपेला ती फुलाबाहेर गेली. शेठने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, डोळे बारीक केले, खुर्ची पुढे ओढली. आप्पा मागे हात बांधून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर मात्र पुष्कळ काही होतं, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. काही वेळाने शेठने माउस सोडला आणि टेबलाची कड घट्ट पकडली. शेठना गाडीचा प्रवास सोसत नाही, हे बांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. बा स्वतःच पाण्याचा तांब्या घेऊन तयार होत्या.

मग मी वाकलो, जादूगारासारखी बाही सारली आणि कळ दाबली. पडदा क्षणभर काळा झाला, आणि सगळी फुलं एकदम जागच्या जागी उभी राहिली. अख्खा काठ, ओळीत, प्रत्येक पाकळी नेमकी, एक चौकट इकडची तिकडे नाही. फक्त शेठने टाकलेला लाल ठिपका तेवढा बाहेर लोंबत होता.

शेठ पाणी प्यायले. पडद्याकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं, जिच्यापलीकडे तीच फुलं विणली जात होती. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग खुर्चीतून उठले, मागे वळले, आणि लूमच्या आवाजावर आपला आवाज चढवत बोलून गेले,

"हिलालभाई, आ नाचता पडदा पर तमे आटलां बधां फूल काढ्यां?"